आधी तळहात बघा, मग पक्कड घ्या

श्रावण लागला की दागिने घडवणाऱ्यांची पत्रं वाढतात. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न झालं की लागलीच लग्नसराई. हातांना उसंत म्हणून नसते. यावेळी नक्षीचे आणि पॉलिशचे प्रश्न थोडे आले, हात दुखण्याचे फार. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज फक्त अवजारांबद्दल लिहिते. मी कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफबाजारातल्या, एका सोनाराच्या घरात सून म्हणून आले, सासऱ्यांच्या शेजारी बसून काम शिकले आणि आता मंगळवार पेठेत राहत्या घरी मुलींना शिकवते. जे सांगते ते पाटावर बसून काम करणाऱ्याच्या नजरेतून सांगते, हे लक्षात घेऊन वाचा.

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहते. घरीच ठुशी, मोत्याची तन्मणी आणि तारेच्या कर्णफुलांच्या ऑर्डरी घेते. पाच पकडींचा गुलाबी दांड्यांचा संच ऑनलाइन मागवला. दोन तास काम केलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणकतं, तळहाताच्या मधोमध लाल वण उठतो. कधी कधी रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते. एक मैत्रीण म्हणते स्वीडनची पक्कड घे, एकच हजारो रुपयांना पडते. घेऊ का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. तळहाताच्या मधोमध उठणारा तो लाल वण तुम्ही लिहिलात, त्यात अर्धं उत्तर आलंय.

काम संपलं की हात धुवायच्या आधी तळहात उजेडाखाली धरून नीट बघायची सवय लावा. दांडीचं टोक रुतत असेल तर तळव्याच्या खळग्यात गोलसर ठसा दिसतो. दांडीची कड टोचत असेल तर बोटांच्या मधल्या पेरांवर आडवी बारीक रेघ उठते. पकडीला स्प्रिंग नसेल तर अनामिका आणि करंगळीच्या पाठीवर लाली येते, कारण प्रत्येक वेळी ती बोटं आपण नकळत दोन दांड्यांच्या मध्ये घालून पक्कड उघडतो. आणि दांडी गुळगुळीत असून घामाने घसरत असेल तर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी जाड आणि चकचकीत होत जाते. माझ्याकडे नवी मुलगी आली की मी तिचं काम नंतर बघते, पहिल्यांदा तिचा तळहात बघते. कुठली पक्कड बदलायची ते तिथे दिसतं.

तुमचा वण मधोमध आहे, म्हणजे पक्कड आखूड आहे. असल्या संचातल्या पकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचार-पाच इंचांच्या असतात. तोंड आणि सांधा वजा केला की हातात येणारी दांडी जेमतेम तीन इंच उरते. आता पट्टी घेऊन तळहात मोजा, तर्जनीच्या बुडापासून करंगळीच्या बुडापर्यंत, आडवा. बहुतेक बायकांचा तो साडेसात-आठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, पुरुषांचा थोडा जास्त. दांडी त्याहून आखूड किंवा जेमतेम तेवढीच असली की तिचं टोक तळव्याच्या खळग्यातच संपतं आणि दर दाबाला तिथेच रुततं. मनगटातून येणारी मीडियन नावाची नस तिथूनच फाकून बोटांकडे जाते. दांडी तळहात ओलांडून थोडी बाहेर यायला हवी, म्हणजे दाब सगळ्या तळव्यावर पसरतो.

दुसरं माप दोन दांड्यांमधल्या अंतराचं. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आणि कॅलिफोर्नियाचं कामगार-सुरक्षा खातं यांनी २००४ साली हातअवजारं कशी निवडावीत याची माहिती काढली. त्यातली मापं मी भिंतीवर लिहून ठेवलीत. बारीक कामाची पक्कड मिटलेली असताना तिच्या दांड्यांचं बाहेरून बाहेरचं अंतर २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि उघडल्यावर ७५ पेक्षा जास्त नको. जोर लावायच्या पकडीसाठी हेच आकडे ५० आणि ९०. जोराच्या अवजाराची दांडी निदान १०० मिलिमीटर लांब हवी. दुकानात जाताना सहा इंची पट्टी पर्समध्ये टाका आणि काउंटरवरच मोजा. दुकानदार काय म्हणेल याचा विचार करू नका. साडी घेताना पदर उलगडून बघतोच की आपण.

गुजरीच्या आसपास सोनारकामाची अवजारं विकणारी दुकानं आहेत, तिथे हातात धरून घेता येतं, हा आपला मोठा फायदा आहे. तिथे दोन गोष्टी करा. पकडीच्या टोकात पातळ कागदाचा तुकडा धरा आणि ओढा. कागद सुटून आला तर टोकं नीट मिळत नाहीत, आणि ती कसर तुम्ही आयुष्यभर बोटांच्या जोराने भरून काढाल. मग दोन्ही दांड्या धरून वरखाली हलवा. सांधा खुळखुळला तर ठेवून द्या. एक दांडी दुसरीच्या पोटातून आरपार गेलेली असते त्याला बॉक्स जॉइंट म्हणतात. ती पक्कड चार पैसे महाग पडते पण लवकर ढिली होत नाही.

अंगठ्याच्या बुडाशी ठणकण्याचं कारण मात्र बहुतेक वेगळं आहे. चिमटीत धरून दाबायची ताकद मुठीत धरून दाबायच्या ताकदीच्या साधारण चौथा हिस्साच असते. पक्कड आखूड म्हणून तुम्ही ती अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरत असणार, म्हणजे सगळं ओझं अंगठ्यावर. लांब दांडी आली की चारी बोटं कामाला येतात. शिवाय तुमचं मनगट बघा. मण्याच्या मागची तार वळवताना मनगट मुडपत असेल तर वाकड्या टोकाची एक पक्कड घ्या. वाकायचं ते अवजाराने वाकावं, मनगट सरळ राहावं.

आणि तार! अवजाराची एवढी चर्चा होते, तारेकडे कुणी बघत नाही. आपल्याकडच्या गेजमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरात, २० गेजची तार सुमारे ०.९ मिलिमीटर जाड आणि १८ गेजची १.२. फरक किरकोळ वाटतो, पण तार वळवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे तो दुपटीच्याही वर जातो. कर्णफुलाच्या आकड्याला उगाच जाड तार वापरू नका. चांदीची, तांब्याची किंवा पितळेची तार चार वेळा वळवली की ताठ होते. तेव्हा तिच्याशी झटापट न करता ती तावून घ्या. मंद लाल होईपर्यंत तापवली की पुन्हा मऊ होते. मुलामा दिलेली किंवा लाखेचा थर असलेली रंगीत तार मात्र तापवायची नाही, ती बारीक गेजमध्येच घ्यायची.

ठुशीचं काम पकडीचं कमी, दोऱ्याचं जास्त. मणी एकमेकांना घट्ट बसावेत म्हणून आपण दोरा तर्जनीला गुंडाळून खेचतो, पेराला चीर पडते आणि अंगठ्यावर पुन्हा ताण येतो. बोटाएवढ्या जाडीची लाकडाची गुळगुळीत काडी जवळ ठेवा, दोऱ्याचं टोक तिला दोन वेढे देऊन मुठीने ओढा. ताण जास्त मिळतो, हात वाचतो.

आता स्वीडनच्या पकडीचं. मैत्रीण बहुधा लिंडस्ट्रॉमबद्दल बोलतेय. १८५६ पासूनची कंपनी आहे, आणि त्यांच्या एका मालिकेत दांड्यांमधलं अंतर आणि स्प्रिंगचा ताण आपल्या हाताप्रमाणे बदलता येतो. पक्कड उत्तम आहे यात शंका नाही. दिवसाचे सात-आठ तास याच कामात असतील आणि घर त्यावर चालत असेल तर एक घ्यावी, फक्त एक, जी सगळ्यात जास्त वापरता ती. पण तुम्ही आधी सहा इंची, स्प्रिंगच्या दोन साध्या पकडी घ्या, एक चपट्या तोंडाची आणि एक अर्धगोल टोकाची. दांडी हाताला बारीक लागली तर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप आणा आणि खालून वर, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा. दांड्यांच्या आतल्या बाजूला जाडी फार झाली तर पक्कड पूर्ण मिटत नाही, तेवढं गुंडाळतानाच तपासा. बोटांच्या आकाराचे खळगे पाडलेल्या मुठी मला पसंत नाहीत. ते खळगे ज्या हातावरून पाडले तो हात तुमचा नसतो, आणि मधले उंचवटे नेमके पेरांत घुसतात.

रात्रीच्या मुंग्यांचं मात्र डॉक्टरांनाच दाखवा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच बधिरपणा असेल तर मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जाण्याची, म्हणजे कार्पल टनेलची शक्यता असते. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हा त्रास जास्त दिसतो, म्हणून नुसतं पकडीवर खापर फोडून बसू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्यात हाडांच्या ओपीडीत दाखवा, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. वस्तू हातातून निसटायला लागेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : आम्ही हुपरीचे. घरात पैंजणाच्या साखळीच्या कड्या जोडायचं काम आहे. मी, मंडळी आणि आई तिघंही बसतो. वडील सांगायचे, हात कामाला सरावतो, तक्रार करायची नाही. पण आता आईचं मधलं बोट सकाळी मिटलं की उघडत नाही, कटकन आवाज होऊन सुटतं. मंडळींचं मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखतं. कामाला पक्कड साधीच आहे, बिनस्प्रिंगची. काय बदलावं?

उत्तर : दादा, वडिलांचा मान राखून सांगते. सरावते ती कातडी. कातडी जाड होते, पण आतल्या दोऱ्या, ज्यांनी बोटं मिटतात आणि उघडतात, त्या सरावत नाहीत, त्या सुजतात. आईचं बोट अडकतं त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. ती दोरी ज्या नळीतून सरकते तिथे सूज आली की दोरी अडते आणि मग झटक्याने सुटते. वहिनींचं दुखणं अंगठ्याच्या बुडाच्या दोऱ्यांचं असू शकतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवल्यावर कळ आली तर तसं असण्याची शक्यता जास्त. एका स्विस शल्यविशारदाने, डी कर्व्हेनने, १८९५ मध्ये हे दुखणं नोंदवलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. दोघींनाही दाखवून घ्या, आईंची साखरही तपासा. लवकर दाखवलं तर पुष्कळदा विश्रांती, पट्टा, फार तर इंजेक्शनवर भागतं.

आणि आईंना सध्या कड्या जोडायला बसवू नका. मोजणं, तपासणं, पुड्या बांधणं त्यांच्याकडे द्या. त्यांना घरात बसून राहायला सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत हे मला इथे बसून कळतंय.

आता अवजार. तुमच्या कामात पक्कड दिवसात हजारो वेळा उघडते आणि मिटते. मिटवणं तर टळत नाही, उघडणं टळतं. म्हणून तुमच्याकडे पहिला खर्च स्प्रिंगच्या पकडीवर व्हायला हवा. दोन पातळ पट्ट्या आतून एकमेकींना टेकलेल्या असतात तशी घ्या. स्प्रिंग ताठ असली तर मिटवायलाच जास्त जोर पडतो आणि दुखणं दुसऱ्या बाजूने येतं. तेव्हा दुकानातच वीस-पंचवीस वेळा मिटवून बघा. पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर काढून हलकेच आत वाकवली की ताण कमी होतो.

मग पकडीचं तोंड. कड्या जोडणारे बरेच लोक सुईसारख्या टोकाची पक्कड वापरतात, कारण बारीक काम म्हणून बारीक टोक. उलट आहे. बारीक टोकात कडी फिरते, ती फिरू नये म्हणून आपण आवळतो. कडीच्या आकाराला झेपेल तेवढं रुंद, चपटं, आतून गुळगुळीत तोंड घ्या; कडी अलगद धरूनही हलत नाही. दोन पकडी घ्या, दोन्ही हातांत एक एक. कडी उघडताना तोंडं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, एक हात पुढे आणि एक मागे, अशी पीळ द्यायची. गोलाई टिकते आणि मिटवताना जोर कमी लागतो. नाजूक कड्यांसाठी बोटात घालायची खाचेची अंगठीही मिळते, खाचेत कडी अडकवून एकाच पकडीने उघडता येते. मिळाली नाही तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला खाच दाखवून सांगा, पितळेची करून देईल.

डाख लावताना, म्हणजे कडीचा सांधा झाळताना, साधा चिमटा दाबून धरत असाल तर तो आजच बदला. दाबल्यावर उघडणारा आणि सोडल्यावर धरणारा चिमटा मिळतो, दोन पाती एकमेकींवरून आडवी गेलेली असतात. कडी त्याच्यात अडकवली की बोटांचं काम संपलं. त्याला लाकडाच्या किंवा फायबरच्या पट्ट्या असलेला घ्या, चटका बसत नाही.

तोडायचा कटर सपाट काटणारा, म्हणजे फ्लश कटर असावा. धार चांगली असेल तर जोर कमी लागतो आणि तुटताना हाताला झटका कमी बसतो. तार टोकाने न तोडता शक्य तेवढी आत, सांध्याच्या जवळ धरून तोडा. आणि चांदी तोडायच्या कटरने पोलादी तार कधीही तोडू नका, घरात कुणालाही तोडू देऊ नका. एकदा धारेला खड्डा पडला की पुढची प्रत्येक कडी त्याची किंमत मागते.

तिघांनी कामं वाटून घेता ना? दर तासाला अदलाबदल करा. कापणारा जोडायला, जोडणारा डाख लावायला. मजुरी कड्यांच्या वजनावर असते, थांबणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. अदलाबदलीत काम थांबत नाही.

प्रश्न : मी कागलची, ज्वेलरी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. मी डावखुरी आहे. पत्रा कापताना कात्रीत दुमडतो आणि हात भरून येतो. शिकवणारे म्हणतात उजव्या हाताची सवय कर.

उत्तर : करू नकोस. हात तुझा ठीक आहे, कात्री उजव्यांची आहे. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा आणि बोटं पात्यांना एकमेकांवर दाबतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती एकमेकांपासून फाकवतो, मध्ये फट पडते, पत्रा त्या फटीत घुसून दुमडतो आणि तू आणखी जोराने दाबतेस. डावखुऱ्यांची पत्रा-कात्री मागवून मिळते, पात्यांची मांडणीच उलटी असते. ती येईपर्यंत पत्रा करवतीने काप. करवत, हातोडी आणि पकडी दोन्ही हातांना सारख्याच, त्यांच्यासाठी वेगळं काही शोधू नकोस. मात्र बसायची जागा उलटी लाव. दिवा उजव्या बाजूला हवा, नाहीतर तुझ्याच हाताची सावली कामावर पडते. कानशी आणि चिमटे डाव्या हाताशी. वर्गात टेबल ठरलेलं असेल तर भिंतीकडचं टोक मागून घे. आणि हे मागताना संकोच करू नकोस, तू सवलत मागत नाहीयेस.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितो. शाळेतून निवृत्त झालो, वय पासष्ट. चांदीच्या अंगठ्या करायचा नाद लागला आहे. बोटांच्या सांध्यांत संधिवात आहे. अंगठी डाव्या हातात धरून कानसतो. कानस मारताना आणि करवत चालवताना बोटं कळवळतात. नाद सोडावा लागेल का?

उत्तर : काका, नाद सोडू नका. तुमच्या पत्रात अंगठी डाव्या हातात धरून कानसता असं वाक्य आहे. खरं दुखणं तिथे आहे. उजवा हात काम करतो, पण डावा सगळा वेळ आवळून बसलेला असतो, आणि सांधेवाल्याला आवळून धरण्याइतकं वाईट काही नाही. अंगठी धरायचा लाकडी क्लॅम्प घ्या. दोन लाकडी जबडे असतात, आतून चामडं लावलेलं, आणि मागे पाचर ठोकायची. पाचर बसली की अंगठी हलत नाही, तुम्ही नुसता तो ठोकळा तळहातात पेलायचा. स्वस्त असतो. पाचर हाताने न दाबता टेबलावर आपटून बसवा.

कानशीबद्दल बोलायचं तर आपल्याकडे एक वाईट चाल आहे, बिनमुठीची कानस वापरायची. शेपटीचं टोक तळहातात घेऊन लोक वर्षानुवर्षं काम करतात. मोठ्या कानशीला मूठ हवीच, आणि जाड हवी. मुठीत धरायच्या अवजारासाठी ३० ते ५० मिलिमीटर जाडी सांगितली जाते. बोटं तिच्याभोवती जाऊन अंगठ्याला जवळजवळ टेकली पाहिजेत. बाजारात मिळतात त्या मुठी पुष्कळदा त्याहून बारीक असतात. सुताराकडून किंवा लाकूड खरादणाऱ्याकडून सागाची किंवा शिसवीची मूठ करून घ्या, पोटात थोडी फुगीर, टोकाला गोल. वार्निशचा चकचकीत थर नको, नुसतं तेल पाजा. चकचकीत मूठ घामात घसरते आणि मग ती घट्ट धरावी लागते.

सुईकानशी काडीसारख्या बारीक असतात, त्या तर तुमच्या बोटांनी धरूच नका. त्यांच्यासाठी चक, म्हणजे फिरवून आवळायचा जबडा, असलेली मूठ मिळते, एकच मूठ सगळ्या कानशींना चालते. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. मागे आणताना उचला किंवा नुसती टेकवा, दाबू नका. चांदी दातांत भरू नये म्हणून आधी खडू घासा. भरलेली कानस कापत नाही, आणि न कापणाऱ्या कानशीवर माणूस जोर करतो.

करवतीत चूक बहुतेकांची एकच होते, मूठ आवळणं. करवत पुढे ढकलायची नसते. ती उभी धरून वरखाली चालवायची, पात्याचे दात खाली मुठीकडे असतात, म्हणून खाली येताना कापतं. पुढे सरकणं आपोआप होतं. पात्याची पूर्ण लांबी वापरा. दोन बोटं लांबीतच भराभर चालवलं तर पातं मध्येच बोथट होतं आणि मनगट थकतं. पात्याला अधूनमधून मेण लावा. पातं बसवल्यावर नखाने छेडून बघा, टणक बारीक आवाज आला पाहिजे. ढिलं पातं वळतं, अडकतं, तुटतं. फ्रेम घेताना हलकी घ्या, ॲल्युमिनियमच्या मिळतात, आणि खोली गरजेपुरतीच. अंगठीच्या कामाला फार खोल फ्रेम लागत नाही, तिचं वजन मात्र तुम्हाला उगाच पेलावं लागतं. पात्याचे नंबर विकत घेताना गोंधळ होतो म्हणून सांगते, शून्यांचा आकडा जितका मोठा तितकं पातं बारीक. ४/० हे २/० पेक्षा बारीक.

सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा कामाला बसू नका. हात कोमट पाण्यात धरा, दहाच्या पुढे बसा, आणि बोटं सुजलेली असतील त्या दिवशी डिझाइन काढा.

प्रश्न : गुजरीत कारागीर आहे. मांडी घालून बैठ्या डेस्कवर काम करतो. अवजारं चांगली आहेत, तरी मान आणि खांदे भरून येतात. खुर्ची-टेबल घ्यावं का?

उत्तर : मांडी घालून बसण्यात वाईट काही नाही; डेस्क किती उंच आहे ते बघा. ताठ बसा, दंड अंगाशी सोडा, कोपर वाकवा. बारीक काम कोपरापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर वर यायला हवं. आपली बहुतेक डेस्कं त्याहून खाली असतात, म्हणून माणूस कामावर वाकतो आणि दिवसभर डोकं मानेवर टांगून ठेवतो. डेस्कखाली लाकडी ठोकळे घाला, खर्च काही नाही. किंवा उलट, खालचा पाट काढून पातळ सतरंजीवर बसा. डोळ्यांचा नंबरही तपासून घ्या, दिसत नाही म्हणून पुढे झुकणारे मी कितीतरी पाहिलेत. तुमच्याकडे कोल्हापुरी साजाच्या पानांचं काम असेल तर त्यात ठशावर पत्रा ठोकणं आलं, तेवढं काम बारीक कामापेक्षा खाली, कोपराच्याही खाली असू द्या. वर धरून ठोकलं की खांदा जातो.

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहतो. पावसाळ्यात पकडी गंजून सांधे घट्ट होतात. दर वर्षी नव्या घ्याव्या लागतात.

उत्तर : घट्ट झालेली पक्कड घेऊन काम करणं हे हात दुखण्याचं मोठं कारण आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती रोज थोडी थोडीच घट्ट होत जाते. संध्याकाळी काम संपलं की अवजारं कोरड्या फडक्याने पुसा. घामाच्या हाताचा मीठओलावा पावसापेक्षा वाईट. आठवड्यातून एकदा सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा, पक्कड पंचवीस-तीस वेळा उघड-मीट करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसून टाका. तोंडाच्या आतल्या बाजूला तेल राहू देऊ नका, कडी घसरते. झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून न देता त्याच डब्यात टाका. यंदाच्या घट्ट झालेल्या पकडी टाकू नका. तेलात रात्रभर बुडवून ठेवल्या तर बहुतेक सुटतात. सुटत नाहीत म्हणून सांध्याचा रिव्हेट हातोडीने ठोकायला मात्र जाऊ नका, तोंडं कायमची हलतात.